माळवदावरची माती

आमच्या घरात भित्री म्हणून माझं नाव झालं होतं, आणि ते मी स्वतः कमावलेलं होतं, उगीच कुणी दिलेलं नव्हतं. मी पालीला भ्यायचे, विहिरीत डोकवायला भ्यायचे, वाटेत टोणगा उभा दिसला की बांधाबांधानं लांबचा वळसा घालून शाळेत उशिरा पोचायचे आणि मग गुरुजींना भ्यायचे. आबा, म्हणजे माझे वडील, कुणी पाहुणा आला की माझ्याकडं बोट करून सांगायचे, "ह्या मंजीच्या कपाळावर सटवाईनं दुसरं काय बी लिव्हलं न्हाई, नुसतं भ्या लिव्हलंय." पाहुणा हसायचा, आई हसायची, आणि माझी थोरली बहीण इंदू, जिला मी आक्का म्हणायचे, ती तर सापाची कात काठीला गुंडाळून माझ्यामागं मळाभर पळायची. मला राग यायचा, पण भ्यालेल्या माणसाचा राग कोण मनावर घेतंय! आता पासष्टी उलटली, नगरला मुलाच्या पक्क्या स्लॅबच्या घरात राहते, तरी कुठल्याही नव्या घरात पाऊल टाकलं की माझी मान आधी वर जाते. लग्नाचं कार्यालय असो, दवाखाना असो, लेकीचा नवा फ्लॅट असो. नातवंडं म्हणतात, "आजी, पंखा बघतेस काय?" मी पंखा बघत नाही. काय बघते ते एकदा नीट सांगून टाकावं म्हणून हे लिहायला बसले.

दुष्काळ पडला तेव्हा आम्ही जनावरं घेऊन सोनईकडं मामाच्या मळ्यावर गेलो होतो. आमच्या पारनेरच्या अंगाला कुसळंसुद्धा उरली नव्हती, आणि मामाच्या विहिरीला पाणी होतं, ऊस होता, जनावरांना उसाचं वाढं मिळत होतं. जाताना आबांनी घराला कुलूप घातलं, किल्ली करगोट्याला बांधली आणि आईला म्हणाले, "पाऊस पडला की माघारी." पण पाऊस पडला तेव्हा नेमका मामा बैलगाडीवरून पडून पाय मोडून घेऊन बसला. त्याचा ऊस उभा, पोरं लहान. मेव्हण्याला तसं टाकून जाणं आबांना जमलं नाही. म्हणून दुष्काळ फिटला तरी तो सगळा पावसाळा आणि पुढचा हिवाळा आम्ही तिकडंच काढला. आमचं घर मात्र तेवढे सगळे दिवस बंद, कुणी झाडलोट करायला नाही, कुणी चूल पेटवायला नाही. चूल पेटली नाही की घर मरतं, असं आई म्हणायची. मला ते उगीचच ऐकायला नको वाटायचं.

माघारी यायचं कारण आक्का. तिचं लग्न दुष्काळाच्या आधीच झालेलं. तिला दिवस गेले आणि ती बाळंतपणासाठी माहेरी आली, म्हणजे आली ती मामाच्या मळ्यावर. मामी माउलीसारखी करत होती तिचं, पण आबांच्या मनाला ते लागून राहिलं. एके दिवशी जेवता जेवता ते म्हणाले, "पाडव्याच्या आत घरी जायचं. गुढी आपल्या दारात उभी ऱ्हाईल, आन पोरगी बी आपल्याच घरात बाळतीन हुईल." मामी हातातली भाकरी तशीच ठेवून उभी राहिली. "दाजी, डोकं ठिकानावर हाय का? पोरीला नववा लागलाय. तिकडं घर कवाधरनं बंद हाय. हितं काय कमी पडतंय का?" आबा म्हणाले, "कमी काय बी न्हाई, वैनी. पर लेकीचं पहिलं बाळतपन बापाच्या घरात होतं, मेव्हन्याच्या न्हाई." झालं. आबांनी एकदा असं म्हटलं की त्यापुढं ब्रह्मदेव आला असता तरी त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं. जनावरं घेऊन ते पुढं पायी निघाले, आणि मागून आम्ही तिघी एसटीनं. आक्का खिडकीशी बसून मीठ लावून कैरी खात होती, दर खड्ड्याला आई तिच्या पोटापुढं हात धरत होती, आणि मी आभाळाकडं बघत होते. चैत्र लागायला आला होता आणि आभाळ श्रावणासारखं गच्च भरून आलेलं.

आमच्याकडं वळीव येतो तो हाणामारी करून जातो. धूळ, वावटळ, गारा, आणि घटकाभरानं पुन्हा ऊन. त्या साली तसं झालं नाही. आम्ही पारनेरला उतरलो तेव्हा जी भुरभुर लागली, ती थांबेचना. ओळखीच्या एका गाडीवाल्यानं घोंगड्याची खोळ करून आक्काला गाडीत बसवलं आणि चिखलातून बैल हाकत आमच्या मळ्यावर आणून सोडलं. लिंबाला कोवळी तांबूस पालवी फुटली होती, खाली मोहोराचा सडा पडून ओल्यानं कुजत होता, आणि त्या कडूगोड वासात आमचं घर उभं होतं. मळ्यात एकटंच, गावापासून लांब. मला वाटलं होतं घर बघून मला रडू येईल आनंदानं. झालं भलतंच. जनावरं घेऊन आधी पोचलेले आबा आमच्यासाठी थांबले होते. त्यांनी दार उघडलं, आतून ओलसर गार हवा तोंडावर आली, आणि मी चार पावलं मागं सरले. आबा म्हणाले, "घ्या! ही आपल्याच घराला भ्याली!"

घर म्हणजे काही मोठी इमारत नव्हती. दगडमातीच्या रुंद भिंती, पुढं सोपा, मागं माजघर, आणि वर माळवद. आताच्या पोरांना माळवद ठाऊक नाही म्हणून सांगते. भिंतींवर जाड लाकडी तुळया टाकायच्या, त्यांच्यावर आडवी लाकडं, त्यावर लाकडाच्या चिपा, त्यावर तरवडाच्या झुडपाचा पाला आणि सगळ्यावर मातीचा थर. ही माती साधी नाही. नदीकाठी जुनं उठून गेलेलं गाव होतं, तिथली पांढरी माती. पाण्यानं ती घट्ट बसते आणि पाणी खाली येऊ देत नाही. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ती गाडीनं आणून वर पसरायची आणि लाकडी चोपण्यानं चोपायची. उन्हाळ्यात अशा घरात इतकं गार वाटतं, की पाहुणा जेवून आडवा झाला तर उठवावा लागतो. शहाणी माणसं दर काही वर्षांनी जुनी माती खरवडून खाली टाकत आणि मग नवी चढवत. आमच्या घराण्यात मात्र खरवडायची रीत नव्हती. बापानं चढवलेली माती लेकानं उतरवायची म्हणजे बापाला उतरवल्यासारखं, असं आमच्याकडं मानायचे. पणज्याची माती, तिच्यावर आज्याची, तिच्यावर आबांची. गावात कुणी माळवदाचा विषय काढला की आबा हात कोपरापर्यंत दाखवून म्हणायचे, "आमचं येवढं जाड हाय!" आणि समोरचाही मान डोलवायचा. जाड माळवद म्हणजे मातब्बर घर. त्या जाडीचं वजन कुठं जातं, हे कुणी विचारत नव्हतं.

भिंतींवरून वाळवीच्या मातकट नळ्या वर चढलेल्या होत्या. आईनं खराट्यानं त्या पाडल्या, रॉकेलाचा बोळा फिरवला, घुशीची बिळं दगड ठोकून बुजवली, शेणानं जमीन सारवली. मी दिव्याची चिमणी धरून तिच्यामागं हिंडत होते. "आई, ह्या नळ्या वर कुठवर गेल्यात?" मी विचारलं. आईनं वर बघितलं. तुळया धुरानं काळ्याकुळकुळीत, लोखंडासारख्या दिसत होत्या. आबा बाहेरूनच ओरडले, "साग हाय त्यो साग! माझ्या आज्यानं आनलेला. वाळवीचे दात पडतील, पर त्याला काय हुनार न्हाई." पाडव्याला भर पावसात गुढी उभी राहिली. आईनं पुरण घातलं, कटाची आमटी केली, साखरेच्या गाठी भिजू नयेत म्हणून गुढीवर पळसाचं पान बांधलं. आक्कानं पोळ्या इतक्या खाल्ल्या की आई म्हणाली, "आगं, आत एक जन हाय, चार न्हाईत." आम्ही सगळे हसलो, आणि तेवढ्यात माझ्या आमटीच्या वाटीत वरून मातीचा एक खडा टप्पकन पडला. मी वाटी तशीच ठेवून उठले. आबा म्हणाले, "जुनं घर हाय, खडा पडायचाच." त्यांनी माझी वाटी ओढली, खडा बोटानं काढून टाकला आणि आमटी पिऊन टाकली.

त्यानंतर मला तो आवाज ऐकू यायला लागला. लिहून दाखवता येण्यासारखा आवाज नाही तो. आधी वर कुठंतरी बारीक 'कट्' व्हायचं, बोट मोडल्यासारखं, मग जरा वेळानं भिंतीतून माती सुळ्ळकन घरंगळायची. पाऊस चालूच होता. सोप्यात एका कोपऱ्यात गळायला लागलं, की आबा डोक्यावर पोतं घेऊन शिडीनं वर जायचे आणि तिथं पांढरीच्या चार पाट्या ओतून चोपून यायचे. मग दुसऱ्या कोपऱ्यात गळायचं. पुन्हा माती. ती सगळी ओली, पाणी पिऊन जड झालेली. मी म्हणायचे, "आबा, वर लई माती झाली." ते म्हणायचे, "मंजे, माती कमी पडली म्हनून गळतंय." त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांच्या बापानं त्यांना हेच शिकवलं होतं, आणि बापाच्या बापानं बापाला.

आक्का बाळंत झाली ती पहाटे, सुखरूप. गावातली सुईण गयामावशी आदल्या दिवसापासून येऊन बसली होती, तिनं हात लावला आणि मुलगा झाला. तो एवढासा तांबडा गोळा बघून आबा सोप्यात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. माजघरातल्या आतल्या अंगाला, जिथं वारा लागत नाही, तिथं आक्काची बाज टाकली होती. बाजेखाली शेगडीत निखारे, उशाखाली विळा, दाराला लिंबाचा डहाळा. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, हुलग्याचं माडगं, तुपात भिजवलेली बाजरीची भाकरी, असं तिचं चाललं होतं, आणि वरून तिच्यावर माती गळत होती. म्हणून आईनं आपलं एक जुनं लुगडं घेतलं आणि चार खुंट्यांना चार टोकं बांधून बाजेवर छतासारखं ताणलं. खडे, माती, वाळवीचा भुसा त्यात पडायचा. सकाळी आई लुगडं सोडायची, बाहेर नेऊन झटकायची, परत बांधायची. पहिल्या दिवशी त्यात ओंजळभर माती निघाली. पुढं लुगड्याला पोट यायला लागलं, आणि आई ते सकाळ-संध्याकाळ झटकू लागली. आक्का दिवसभर उताणी पडून त्या पोटाकडं बघायची. माझी आक्का, सापाची कात हातात धरणारी, ती काही बोलत नव्हती. मी शेगडीत गोवऱ्या घालायला गेले की ती माझा हात धरायची आणि बराच वेळ सोडायची नाही. मला वाटायचं, बाळंतपणानं अशक्त झाली असेल.

पाचवीचा दिवस आला. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, अशी आमची समजूत. त्या दिवशी पाटा-वरवंटा पुजायचा, दिवा जागता ठेवायचा, आणि काहीही झालं तरी बाळंतिणीनं आणि बाळानं उंबरा ओलांडायचा नाही. सटवाई आली आणि बाज रिकामी दिसली, तर ती तशीच माघारी जाते आणि पोराचं कपाळ कोरं राहतं. गयामावशी सकाळपासून हे चारदा सांगून झाली होती. कोऱ्या कपाळाची माणसं तिनं बघितली होती म्हणे, ती जगतात पण कुठंच टिकत नाहीत. दुपार होती, पण आभाळानं अंधारून आलेलं. आई पूजेचा निवद रांधत होती, गयामावशी वरवंटा धूत होती, मी आक्काच्या बाजेशी बसून शेगडीला वारा घालत होते, आणि वर आबा माती चोपत होते. धप्. धप्. धप्. दर धपक्याला लुगड्यात माती झिरपत होती.

मी मान वर केली. जिथं मोठी तुळई मागच्या भिंतीत शिरते तिथं कायम काळोख असायचा. तिथं उजेडाची एक रेघ दिसली. सुतळीएवढी. वर चोपणं पडलं की रेघ मिटायची आणि आबांनी चोपणं उचललं की पुन्हा उघडायची. मी बघत राहिले. मिटली, उघडली. मिटली, उघडली, आणि या खेपेला सुतळीची करंगळी झाली होती. ओरडायचं होतं, तर तोंडातून नुसता पुटपुटल्यासारखा आवाज आला. "आई, तिथं उजेड दिसतोय."

"दिवसाढवळ्या उजेड न्हाई दिसायचा, तर काय दिसंल?" आई चुलीकडून म्हणाली.

"तुळईपाशी दिसतोय. हलतोय त्यो. आई, बाहेर चला ना. सगळ्या बाहेर चला."

"आजच्या दिशी?" गयामावशीनं वरवंटा खाली ठेवला. "जीभ आवर गं पोरी. पाचवीला आसं अभद्र बोलत्यात व्हय?"

मी आक्काकडं बघितलं. वाटलं ती हसेल, चिडवेल. तिनं डोळे मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. वर धप् झालं. मग एक आवाज आला तो 'कट्' नव्हता, लांब होता, दार कुरकुरावं तसा, आणि लुगड्याची एक गाठ सुटून मूठभर माती बाळाच्या दुपट्यावर पडली. पुढचं मी विचार करून केलं असं म्हणायला मला आवडेल, पण तसं काही नाही. मी नुसती भ्याले होते. इतकी भ्याले होते की मारालाही भ्यायचं विसरले. मी बाळ उचललं, दुपट्यासकट छातीशी धरलं आणि पळत सुटले. उंबरा ओलांडला, सोपा ओलांडला, पावसात अंगणातून गोठ्याच्या छपराकडं.

मागं जो कालवा झाला तो अजून कानात आहे. "आगं सटवे! पोर पळिवलं! इंदे, पोर न्हेलं तुझं!" गयामावशी ओरडत होती. आणि मग मी बघितलं, आक्का दारात आली. भिंत धरून, वाकून, केस सुटलेले, उघड्या पायांनी चिखलात. बाळ जिकडं तिकडं ती, तिला कोण अडवणार! तिच्यामागं आई हातातल्या उलथन्यासकट, आईमागं गयामावशी. वरून आबांनी हे बघितलं. "काय झालं गं? काय झालं?" कुणी उत्तर देईना, तेव्हा ते चोपणं टाकून शिडीवरून खाली आले आणि थेट माझ्याकडं. आईनं रडत रडत सांगितलं, "भ्याली जनू, पोर उचलून पळाली." आबांनी माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. बाळ माझ्या हातात होतं, म्हणून मला गालही धरता आला नाही. "वली बाळतीन पावसात काढलीस! तीबी आज! तुझ्या भ्यापायी माझ्या नातवाचं कपाळ कोरं ऱ्हायलं, तर तुला जित्ती गाडीन!" मग सगळ्यांकडं वळून म्हणाले, "चला आत. समद्या. आता."

गयामावशी निघाली. आई निघाली. आक्का गोठ्याची मेढ धरून तशीच उभी. "इंदे, चल," आबा म्हणाले.

"मी न्हाई येनार आत."

आबांना वाटलं, तिला ऐकू आलं नाही नीट. "काय म्हनली?"

"आबा, मी न्हाई येनार." तिनं मेढ सोडली नाही. "मंजी भित्री हाय, म्हनून ती बोलती तरी. मी रोज वर बघतीय. त्यो उजेड मला काल बी दिसला हुता, परवा बी दिसला हुता. बाळतिनीनं आसं वंगाळ बोलू न्हाई, म्हनून गप बसले. तुमाला काय सांगू! तुमी म्हनला असता, ही बी भ्याली."

माझ्या बहिणीनं आबांना उलट उत्तर दिलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. आबाही. मग त्यांच्या तोंडावर एक हट्टी हसू आलं, जे मला मारापेक्षा वाईट वाटलं. "बरं. बघा आता. माझ्या पंज्याचं घर हाय ह्ये. बघा, काय हुतंय मला." आणि ते आत गेले. आई "आवं, आवं," करत राहिली. दारातून सोप्यापलीकडचं माजघर अर्धवट दिसत होतं. ते मोठ्या तुळईखाली जाऊन उभे राहिले. माळवद बुटकं, हात वर केला की तुळईला लागायचा. "ह्यो बघा साग!" असं म्हणत त्यांनी तुळईला बुक्की मारली.

आवाज आला नाही. साग वाजला पाहिजे होता. आबांचा हात मनगटापर्यंत तुळईत गेला, पिठाच्या डेऱ्यात जावा तसा. ते तसेच उभे राहिले, एक हात वर, आणि त्यांच्या डोक्यावर, खांद्यावर तांबूस भुसा पडत होता, पडतच होता. मी मनात म्हणत होते, आबा या, आबा या, आणि मोठ्यानं म्हणायची छाती होत नव्हती, कारण मला वाटत होतं, माझ्या आवाजानंच ते सगळं खाली येईल. त्यांनी हळूहळू हात काढला. मग एक एक पाऊल मागं टाकत, पाठ न फिरवता, बाहेर आले. असं बाहेर येताना मी त्यांना देवळातूनच बघितलं होतं. अंगणात आल्यावर अगदी हळू म्हणाले, "गोठ्यात चला. पळू नका. मोठ्यानं बोलू नका."

"देवाचे टाक आत हायती," आई कुजबुजली. "पीठ, ज्वारी…"

"देवाचं देव बघून घेईल," आबा म्हणाले. हे आबा म्हणाले! सकाळी आंघोळीशिवाय देवघराकडं न बघणारे.

आम्ही गोठ्यात गाईंच्या मधे दाटीवाटीनं बसलो. आईनं आपला पदर पिळून आक्काचे पाय पुसले, गयामावशीनं वैरणीची गादी केली. पाऊस तसाच भुरभुरत होता. दिवेलागणीच्या जरा आधी माळवद खाली आलं. मला वाटायचं असं काही झालं तर केवढा आवाज होईल. तसं झालं नाही. भरलेलं पोतं गाडीतून खाली टाकावं तसा एक जाड 'धप्प' झाला, गाईंनी कान टवकारले, आणि घराच्या दारातून पिवळसर धुरळा पावसात बाहेर आला आणि तिथंच बसला. भिंती उभ्या होत्या. मधे नुसती माती. पणज्याची, आज्याची, आबांची. बाज कुठं होती तेसुद्धा ओळखू येत नव्हतं. आक्कानं बाळाला इतकं घट्ट धरलं की ते जागं होऊन रडायला लागलं, आणि मग आम्ही सगळ्याच रडलो. गयामावशीनं मला ओढून घेतलं, माझा सुजलेला गाल कुरवाळला आणि "माझी बाय, माझी बाय," एवढंच म्हणत राहिली.

सटवाईची काळजी मात्र आईला सुटेना. पाटा-वरवंटा मातीखाली गेलेला. गयामावशी उठली, गाईच्या दावणीचा एक गुळगुळीत दगड पन्हाळीच्या पाण्यानं धुतला, बाळाच्या टाळूवरचं तेल बोटानं घेऊन त्याला लावलं आणि वैरणीवर मांडला. "मघाशी लई बडबडले मी," ती म्हणाली. "तिला काय घर पायजे आसतंय व्हय? तिला पोर पायजे. पोर जिथं आसंल तिथं यील ती, दार पुसत." आईनं दगडाला हात जोडले. माझा तो भाचा आता स्वतः आजोबा झाला आहे. सटवाई त्या गोठ्यात येऊन काय लिहून गेली ठाऊक नाही, पण अक्षर चांगलं होतं तिचं.

एवढं होईपर्यंत आबा बाहेरच उभे होते. पावसात, छपराच्या कडेला, घराकडं पाठ करून. अंगावरचा भुसा पावसानं धुऊन त्यांच्या सदऱ्यावर ओघळ उतरले होते. आई म्हणाली, "आवं, आत या, भिजताय कशापायी?" ते हलले नाहीत. पुन्हा म्हणाली, तरी नाहीत. मग त्यांनी मान वर करून गोठ्याच्या छपराकडं बघितलं. चिपाडं, सुंभानं बांधलेलं वाकडं आढं, गळणारं पाणी. बराच वेळ बघितलं. आणि मग माझ्याकडं.

"मंजे," ते म्हणाले. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. खालचा ओठ लहान पोरासारखा हलत होता. "ह्ये टिकंल न्हवं गं?"

सगळ्या माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. आई, आक्का, गयामावशी. मी वर बघितलं. मला काहीएक कळत नव्हतं. काळोख होता, पाणी गळत होतं, माझे दात वाजत होते आणि मला फक्त एवढंच कळलं, की आजवर मी खुशाल भ्यायचे ती आबा भीत नव्हते म्हणून. आता आबा भ्याले होते, आणि मला भ्यायला जागाच उरली नव्हती.

"टिकंल, आबा," मी म्हणाले. "काय न्हाई हुयाचं. या आत."

मी म्हणाले म्हणून ते आत आले.